दोन डॉक्टर, एक रोग

मंगोलिया आणि सायबेरियाच्या सीमेवरच्या गवताळ माळांवर तारबागान नावाचा प्राणी राहतो. तो खारीच्या कुळातला, पण मांजराएवढा दांडगा आणि बिळं करून कळपाने राहणारा. त्याची शिकार करणारे मंगोल आणि बुर्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या एक नियम पाळत आले. जो तारबागान सुस्त पडला आहे, माणूस जवळ आला तरी पळत नाही, त्याला हात लावायचा नाही. यामागचं शास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अशा जनावराला हात लावणारा माणूस मरतो, एवढं त्यांच्या वाडवडिलांनी पाहिलं होतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपच्या बाजारात तारबागानच्या कातड्याचा भाव चढला. रंग दिला की ते भारी किमतीच्या फरसारखं दिसे. मग चीनच्या शांडोंग प्रांतातून पोटासाठी उत्तरेला आलेली हजारो गरीब माणसं या शिकारीत उतरली. त्यांना तो नियम ठाऊक नव्हता. न पळणारं जनावर म्हणजे आयती शिकार, असंच त्यांना वाटलं. दिवसा कातडी सोलायची आणि रात्री कोंदट खोल्यांत एकमेकांना खेटून झोपायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. १९१० च्या शरद ऋतूत रशियाच्या सीमेलगतच्या मांझौली या रेल्वेच्या गावी माणसं मरू लागली. थंडी वाढली तशी शिकारी आणि मजूर नववर्षाला घर गाठायला निघाले, आणि रोगही त्यांच्याबरोबर गाडीत बसला. नोव्हेंबरात तो हार्बिनला उतरला.

हार्बिन हे रशियनांनी रेल्वेसाठी वसवलेलं शहर. त्याच्या अंगाला फूजियादियान ही चिनी वस्ती होती, तिथे सुमारे २४,००० माणसं राहत. तिथे रोज तेच घडू लागलं. माणसाला ताप येई, खोकला सुरू होई, थुंकीत रक्त दिसे, चेहरा काळानिळा पडे आणि दोन-तीन दिवसांत सगळं संपे. रोग जडलेला माणूस वाचल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

चीनच्या राजदरबारापुढे दुहेरी संकट उभं राहिलं. उत्तरेची रेल्वे रशियाच्या हातात होती, दक्षिणेची जपानच्या. चीनला रोग आवरत नसेल तर आम्ही आमची माणसं पाठवतो, असा दोघांचाही दबाव होता. रोगाच्या निमित्ताने मुलूखच हातातून जाण्याची भीती होती. परराष्ट्र खात्यातले अधिकारी शी चाओजी यांनी तियानजिनच्या शाही लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या उपप्रमुखांना तातडीने बोलावून घेतलं. त्यांचं नाव डॉ. वू लिएन-ते.

वूंचं वय तेव्हा ३१ वर्षांचं. मलायातल्या पेनांगमध्ये एका सोनाराच्या घरी ते जन्मले. शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकले, पुढे युरोपातल्या नामांकित प्रयोगशाळांत जंतुशास्त्राचे धडे घेतले. १९०८ मध्ये ते चीनच्या लष्करी वैद्यकीय सेवेत आले, तेव्हा राजधानीत बोलली जाणारी चिनी भाषा त्यांना सफाईने येत नव्हती. वय कमी, भाषा परकी, नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, अशा माणसावर एका साम्राज्याने आपली अब्रू सोपवली. वूंनी एक सूक्ष्मदर्शक, लागणारी रसायनं आणि लिन नावाचा एक हुशार विद्यार्थी सोबत घेतला. २४ डिसेंबर १९१० रोजी ते हार्बिनला पोचले. थंडी शून्याखाली २५ ते ३० अंशांची होती.

रोग प्लेगच असावा, अशी कुजबुज होती. पण एक अडचण होती. प्लेग म्हटला की उंदीर हवा. एका जपानी डॉक्टरने तिथे कितीतरी उंदीर पकडून, चिरून तपासले होते. एकातही प्लेगचे जंतू सापडले नव्हते. उंदीर निरोगी, म्हणजे हा प्लेग नव्हे, असा निष्कर्ष त्याने काढला होता.

वूंनी उंदरांऐवजी माणसाकडे पाहायचं ठरवलं. पण मृतदेह चिरणं चिनी समाजात महापाप मानलं जाई आणि त्याला परवानगी मिळणं शक्य नव्हतं. २७ डिसेंबरला फूजियादियानमध्ये एका खानावळवाल्याची जपानी बायको वारली. तिच्याच घरातल्या एका खोलीत, गाजावाजा न करता, वू आणि लिन यांनी शवविच्छेदन केलं. फुप्फुस, हृदय आणि प्लीहा यांतले नमुने घेतले, देह नीट शिवला आणि सन्मानाने दफनासाठी सोपवला. निळ्या रंगात रंगवलेल्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली लंबगोल जंतू दिसले. दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिके. ते प्लेगचे जंतू होते.

यानंतर वूंनी जे केलं, ते या कथेत नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांनी लगेच हुकूम सोडला नाही. गावच्या अधिकाऱ्यांना आणि पोलीसप्रमुखांना बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते जंतू त्यांना स्वतः पाहायला लावले. त्यांतल्या बहुतेकांना त्या निळ्या ठिपक्यांचा अर्थ उमगला नाही. तरी वूंनी ही पायरी चुकवली नाही. ज्यांच्याकडून कठोर कामं करून घ्यायची, त्यांना आधी कारण दाखवायचं, हा त्यांचा बाणा होता.

मग वूंनी निष्कर्ष मांडला. हा रोग प्लेगच आहे, पण उंदीर आणि पिसू यांच्यामार्फत पसरणारा नव्हे. हा फुप्फुसाचा प्लेग आहे. रोगी खोकतो, थुंकीचे बारीक तुषार हवेत उडतात, जवळचा माणूस तीच हवा श्वासात घेतो आणि रोग घेऊन जातो. म्हणून उंदरांमागे धावण्यात वेळ घालवू नका. माणसापासून माणसाला दूर ठेवा आणि नाक-तोंड झाका.

हे म्हणणं त्या काळी किती धाडसाचं होतं, हे मराठी माणसाला पटकन समजेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. आपल्या आजी-पणजींनी सांगितलेल्या आठवणी उंदीर पडण्याच्या आहेत, काखेत आणि जांघेत आलेल्या गाठींच्या आहेत, गाव ओस टाकून माळावर बांधलेल्या झोपड्यांच्या आहेत. त्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुंबईतच वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू रोग वाहते, हे दाखवलं. एवढी माणसं गमावून आणि एवढे कष्ट उपसून मिळालेलं हे ज्ञान होतं आणि ते खरं होतं. म्हणूनच हार्बिनमधला प्रत्येक अनुभवी डॉक्टर त्याला घट्ट धरून बसला होता. तिथल्या रशियन प्लेग रुग्णालयाचे प्रमुख तर मुंबईच्या हाफकिन यांचे पुतणे होते. त्यांचा लशीवर भरवसा होता, आणि त्या रुग्णालयात नाक-तोंड झाकण्याची सक्ती नव्हती.

वूंनी तयार केलेला मास्क अगदी साधा होता. शस्त्रक्रियेला वापरतात ते विरळ विणीचं कापड घ्यायचं, दुमडायचं, मध्ये कापसाचा जाड थर ठेवायचा आणि टोकं डोक्यामागे बांधायची. गावातली माणसं घरी बसून शिवू शकतील इतका सोपा आणि गरिबालाही परवडेल इतका स्वस्त.

जानेवारीच्या सुरुवातीला मदतीला आणखी डॉक्टर येऊ लागले. त्यांत तियानजिनच्या वैद्यकीय महाविद्यालयातले फ्रेंच प्राध्यापक डॉ. जेरार मेनी होते. वूंपेक्षा ते वयाने मोठे, अधिकाराने मोठे आणि अनुभवानेही मोठे होते. १९०८ मध्ये तांगशानच्या प्लेगमध्ये त्यांनी प्रत्यक्ष काम केलं होतं. वूंची आणि त्यांची आधीपासून ओळख होती, म्हणून वू मोठ्या आशेने त्यांना भेटायला त्यांच्या हॉटेलवर गेले.

वूंनी सगळं सांगितलं: शवविच्छेदन, जंतू, निरोगी उंदीर, एकाच घरात एकामागोमाग होणारे मृत्यू, श्वासातून पसरणारा रोग. मेनींना ते पटेना. त्यांनी तांगशानमध्ये पाहिलेला प्लेग उंदरांचा होता, म्हणून हाही उंदरांचाच असायला हवा होता. उंदीर मारण्याची मोहीम हाती घ्या, असं त्यांचं मत पडलं. शिवाय सगळी सूत्रं आपल्याकडे यावीत, अशी त्यांची इच्छा होती. वू शांतपणे आपलं म्हणणं मांडत राहिले. मेनींचा पारा चढला. एका चिनी माणसाने आपल्याला खोडून काढावं, हे त्यांना सोसलं नाही. वंशावरून अपमान करत ते वूंच्या अंगावर धावून आले. वूंनी शब्दाला शब्द वाढवला नाही. ते खोलीबाहेर पडले आणि त्यांनी राजधानी पेकिंगला तार केली. मोहिमेला दोन तोंडं असून चालणार नाही, मेनी हवे असतील तर माझा राजीनामा घ्या, असा तिचा आशय होता. काही दिवसांत उत्तर आलं. वू प्रमुखपदी राहतील आणि मेनींना परत बोलावण्यात येईल.

मेनी लगेच परतले नाहीत. ५ जानेवारीला ते रशियन प्लेग रुग्णालयात रोगी तपासायला गेले. अंगात पांढरा झगा होता, डोक्यावर टोपी, हातात रबरी मोजे. नाक-तोंड मात्र उघडं. हातमोज्यांनी त्यांनी स्पर्शाची काळजी घेतली, कारण त्यांना ठाऊक असलेल्या प्लेगमध्ये तेवढी पुरेशी होती. समोरचे रोगी खोकत होते. काही दिवसांत मेनींना थंडी वाजून ताप भरला, मग खोकला, मग रक्त. ११ जानेवारी १९११ रोजी ते वारले.

मेनींच्या मृत्यूकडे कुणी शिक्षा म्हणून पाहू नये. स्वतःचा जीव धोक्यात घालून ते प्लेगशी लढायला आले होते आणि ती सेवा खरी होती. मुकदेनला, म्हणजे आजच्या शेनयांगला, प्रवाशांची तपासणी करताना आर्थर जॅक्सन हा २६ वर्षांचा ब्रिटिश डॉक्टर त्याच महिन्यात गेला, त्याचा तर कुणाशी वाद नव्हता. रोग कुणाचा मान पाहत नाही की कुणाचा उद्धटपणा. मेनींच्या बाबतीत दुःखाची गोष्ट अशी, की खऱ्या ज्ञानानेच त्यांची वाट अडवली. तांगशानला जे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याच्या बळावर हार्बिनला समोर दिसत होतं ते त्यांनी पाहायचं नाकारलं.

ती बातमी वाऱ्यासारखी पसरली. एवढा मोठा युरोपीय डॉक्टर गेला, तेव्हा लोकांची आणि डॉक्टरांची खात्री पटली. ज्या मास्कला कालपर्यंत नावं ठेवली जात होती, तो रस्त्यारस्त्यावर दिसू लागला.

आता वूंनी कामाला वेग दिला. फूजियादियानचे चार भाग केले आणि प्रत्येक भागाला एका वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली दिलं. रहिवाशांनी आपापल्या भागाच्या रंगाची पट्टी दंडाला बांधायची, पांढरी, लाल, पिवळी किंवा निळी, आणि परवान्याशिवाय दुसऱ्या भागात जायचं नाही. घराघराची रोज तपासणी सुरू झाली. संशयितांना ठेवायला जागा नव्हती, म्हणून वूंनी रशियन रेल्वेकडून मालगाडीचे १२० डबे मिळवले, त्यांत शेगड्या पेटवल्या आणि ते वेगळं राहण्याचे कक्ष बनवले. वस्तीभोवती पहाऱ्यासाठी हजाराहून अधिक सैनिक आले.

हे सगळं लोकांना जाचक होतं. काही घरांनी रोगी लपवले, काहींनी रात्रीच्या अंधारात मृतदेह रस्त्यावर आणून टाकले. घराघरांत शिरणारे सोजीर, ओढून नेलेली माणसं, रोगाइतकंच झडतीचं भय, हे १८९७ च्या पुण्याने सोसलं आहे. प्लेग अधिकारी रँड आणि त्याच्या झडत्यांची ती कडू आठवण महाराष्ट्राच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. साथीत कठोर उपाय टळत नाहीत. पण ज्याच्यावर ते लादायचे, त्याला कारण कळलं नाही तर त्याच्या लेखी उपाय आणि अत्याचार एकच होतात. याची खरी कसोटी वूंसमोर जानेवारीच्या अखेरीस उभी राहिली.

गावाबाहेरच्या दफनभूमीत बर्फावर शवपेट्यांची रांग लागली होती, जवळपास मैलभर लांब. काही मृतदेहांना पेटीही मिळाली नव्हती. जमीन कित्येक फूट खोल गोठलेली, कुदळ मारली तरी खड्डा पडेना. दोन हजारांहून अधिक देह मूठमातीच्या वाटेवर अडकले होते. थंडीत जंतू मरत नव्हते, आणि ते देह कुरतडणारे उंदीर उद्या खरोखरच रोग घेऊन वस्तीत शिरले असते. उपाय एकच होता, दहन.

आपल्याला अग्निसंस्कारात काही वावगं वाटत नाही. ज्याला अग्नी मिळाला नाही, त्याच्यासाठी आपण हळहळतो. चिनी समाजात याच्या बरोबर उलट होतं. पूर्वजाचा देह अखंड मातीत विसावला पाहिजे, वर्षातून एकदा मुलाबाळांनी त्याच्या थडग्यापाशी जाऊन नमन केलं पाहिजे. आई-बापाचा देह जाळणं म्हणजे त्यांचा घोर अपमान. वू अधिकाराच्या जोरावर रात्रीतून पेट्या पेटवू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. गावचे अधिकारी आणि प्रतिष्ठित मंडळी यांना ते त्या थंडीत दफनभूमीवर घेऊन गेले आणि ती मैलभराची रांग त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवली. ती पाहिल्यावर फार बोलावं लागलं नाही. त्यांच्या पाठिंब्याने वूंनी थेट राजसिंहासनाकडे दहनाची परवानगी मागितली. चीनच्या इतिहासात अशी विनंती विरळाच. तीन दिवसांनी होकार आला.

३० जानेवारी १९११ हा चिनी नववर्षाचा पहिला दिवस होता. दुसऱ्या दिवशी, ३१ जानेवारीला, शंभर-शंभर पेट्यांचे ढीग रचून त्यांवर रॉकेल ओतण्यात आलं आणि अग्नी देण्यात आला. पुढच्या खड्ड्यांसाठी गोठलेली जमीन सुरुंगाने फोडावी लागली. त्या नववर्षाला वूंनी लोकांना एक आवाहनही केलं होतं. एरवी घराबाहेर उडवायचे फटाके यंदा घरात उडवा, गंधकाच्या धुराने घरं शुद्ध होतील. लोकांची रीत मोडण्याऐवजी त्यांनी ती उपयोगाला आणली आणि सणाची उमेदही राखली.

त्या दिवसापासून मृत्यूंचा आकडा खाली येऊ लागला. १ मार्चला हार्बिनमध्ये शेवटच्या रोग्याची नोंद झाली. सगळ्या मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य मुलखात, मिळून सुमारे ६०,००० माणसं गेली, फूजियादियानने लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा गमावला. पण रोग आटोक्यात आला. रेल्वेच्या दोन्ही टोकांनी तो चीनभर आणि जगभर पसरला असता, तो अडवला गेला.

एप्रिलमध्ये मुकदेनला आंतरराष्ट्रीय प्लेग परिषद भरली. ११ देशांचे तज्ज्ञ आले, त्यांत प्लेगचे जंतू शोधणाऱ्यांपैकी एक, जपानचे कितासातोही होते. या सगळ्या मोठ्या माणसांनी अध्यक्षपदी निवड केली ती ३२ वर्षांच्या वूंची. पुढे वूंनी उत्तर मांचुरियात प्लेगप्रतिबंधक सेवा उभी केली. १९२०-२१ मध्ये फुप्फुसाचा प्लेग पुन्हा आला, तेव्हा यंत्रणा तयार होती आणि मृत्यू फार कमी झाले. १९३५ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं. १९६० मध्ये पेनांगला त्यांनी देह ठेवला.

या कथेतला बोध असा. अनुभव ही मोठी ठेव आहे आणि ती कष्टाने मिळवावी लागते. पण कालच्या साथीने दिलेलं उत्तर आजच्या साथीला लागू पडेलच, याची हमी कुणाचंही वय, पद किंवा कीर्ती देऊ शकत नाही. म्हणून कुठलंही संकट आलं की आधी समोर जे आहे ते पाहावं, जे पूर्वी पाहिलं होतं ते नंतर आठवावं. धाकटा माणूस नवं काही दाखवत असेल तर मान बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसून पाहावं, त्याने मोठेपणा कमी होत नाही.

आणि ज्याला सत्य दिसलं, त्याचं काम तिथे संपत नाही, तिथे सुरू होतं. त्याने ते दुसऱ्यालाही दाखवलं पाहिजे, पुन्हापुन्हा, न चिडता, ज्याच्या अंगावर ओझं पडणार आहे त्याच्यापर्यंत जाऊन. वूंच्या पाठीशी राजाज्ञा होती, सैन्य होतं. तरी त्यांनी अधिकाऱ्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि गावच्या प्रतिष्ठितांना दफनभूमीवर नेलं. साथीत माणसं औषधाने वाचतात, शिस्तीने वाचतात. पण ती शिस्त स्वखुशीने पाळावीशी वाटण्याइतका विश्वास आधी मिळवावा लागतो. जो नेता आपलं कारण लोकांसमोर उघडं ठेवतो, त्याच्याच शब्दावर लोक कठीण दिवसांत चालतात.